बसायचं नाही, पळत राहायचं

टँडम पॅराग्लायडिंगमध्ये प्रवाशाचं सगळं शिक्षण तीन मिनिटांत आटोपतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. छातीचा पट्टा लागलाय का? दोन्ही मांड्यांचे पट्टे लागलेत का? हे पट्टे एकदा पायलट तपासतो, एकदा तुम्ही स्वतः तपासायचे. मग कॅरॅबिनरने तुम्हाला त्याच्या पुढ्यात अडकवलं जातं. तो मागे, तुम्ही पुढे, दोघांच्या मागे गवतावर पसरलेलं रंगीत कापड. आणि शेवटची सूचना.

"मी 'पळा' म्हटलं की पळायचं. बसायचं नाही. पाय जमिनीवरून सुटले तरी पळत राहायचं."

"हवेत कशी पळू, दादा?"

"तुम्ही पळा. हवेत गेलोय की नाही ते मी बघतो."

कामशेतजवळच्या एका टेकडीवरची ही गोष्ट. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने उतरायचं आणि जीपने टेकडी चढायची. त्या दुपारी आम्ही तयार झालो आणि नेमका वारा वाढला. पायलटदादांनी मूठभर वाळकं गवत उडवून पाहिलं, वाऱ्याच्या मोज्याकडे पाहिलं, आणि मला सोडवून खाली बसवलं. "थांबू." पुढचे दोन तास आम्ही थांबलो.

त्या दोन तासांत मला एकच प्रश्न छळत होता. इंजिन नाही, चाक नाही. ज्याला उडवता येतं तो माणूस मागे, आणि सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात. मी म्हणजे साठ किलोचं सामान. मग माझ्या दहा-बारा पावलांवाचून या माणसाचं काय अडतंय?

परत आल्यावर मी याचं उत्तर शोधत बसले. ते सव्वाशे वर्षांहून जुनं निघालं.

*

१८९४ मध्ये बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे इथे एका माणसाने स्वतःसाठी टेकडी बांधून घेतली. मातीची, १५ मीटर उंच. ऑटो लिलिएंथाल हा व्यवसायाने इंजिनियर. लहानपणापासून करकोचे बघत मोठा झालेला. पक्ष्यांच्या पंखांवर त्याने मोजमापं, आकृत्यांसकट पुस्तक लिहिलं होतं, ते १८८९ सालचं. पण पुस्तकावर तो थांबला नाही. विलोच्या फोकांवर सुती कापड ताणून त्याने पंख केले, दोन्ही हात त्यात अडकवले आणि उतारावरून पळत सुटला.

टेकडी गोल होती, कारण वारा कुठूनही आला तरी त्याच्या तोंडावर पळता यायला हवं होतं. यातच सगळी गोम आहे. पंखाला उंचीपेक्षा हवेचा प्रवाह जास्त हवा असतो. पंखावरून हवा पुरेशा वेगाने वाहिली तरच तो वजन उचलतो. आजच्या पॅराग्लायडरचं ढोबळ गणित मांडू. समजा, उचलायला ताशी २५ किलोमीटरचा वेग लागतो आणि समोरून ताशी १५ चा वारा आहे. मग उरलेले १० तुम्ही पायांनी भरून काढायचे. वारा पाठीमागून असेल तर तोच हिशोब उलटा होतो आणि कितीही पळून उपयोग नसतो.

लिलिएंथालने दोन हजारांहून जास्त उड्डाणं केली. दिशा बदलायची तर तो लटकलेलं अंग आणि पाय इकडून तिकडे झोकायचा, दुसरं साधन नव्हतं. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोताने त्याचं ग्लायडर नाक वर करून थबकलं आणि मग खाली कोसळलं. मणका मोडला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं काम वाचूनच पुढे अमेरिकेत राइट बंधूंनी आपलं काम सुरू केलं.

त्यांच्या विमानाला इंजिन मिळालं आणि पळणारा माणूस मागे पडला. पुढची काही दशकं उडणं म्हणजे लाकूड, धातू, पेट्रोल आणि पैसा. पाठीवर मारून डोंगर चढता येईल असा पंख जगाला हवा होता असं कुणाला वाटतही नव्हतं.

*

तो पंख आला तो घरगुती वाटेने. फ्रान्सिस रोगॅलो हा अमेरिकेतल्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात काम करणारा इंजिनियर. मऊ, घडी होणारा पंख करता येईल ही त्याची कल्पना कार्यालयात कुणी मनावर घेईना. मग १९४८ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी गर्ट्रूड हिने घरीच प्रयोग केले. पंख्यासमोर पंख धरायचा, बघायचा, पुन्हा कापायचा. एका पंखासाठी त्यांनी स्वयंपाकघरातला छापील पडदा वापरला. गर्ट्रूडने शिवलं, दोघांनी उडवलं. पुढे नासाने अंतराळयान परत उतरवण्यासाठी या पंखाच्या चाचण्या घेतल्या, पण शेवटी तो मार्ग सोडून दिला. तो पंख मग हँग ग्लायडरवाल्यांनी उचलला.

दुसरा धागा डोमिना जाल्बर्टचा. हा पतंग आणि फुगे बनवणारा माणूस. १९६४ मध्ये त्याने असा पंख मांडला ज्यात एकही काठी नव्हती. वरचं कापड आणि खालचं कापड, मध्ये उभे पडदे शिवून कप्पे पाडलेले, आणि पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडं उघडी. एका ओळीत शिवलेले उशीचे अभ्रे डोळ्यांसमोर आणा. पंख पुढे सरकला की तोंडातून वारा आत घुसतो, कप्पे फुगतात आणि लोंबणारं कापड ताठ होतं. आज आपण ज्याला पॅराग्लायडर म्हणतो त्याची घडण मुळात हीच.

म्हणजे हा पंख गवतावर पडलेला असतो तेव्हा पंखच नसतो. त्याला आकार येतो तो हालचालीमुळे. पळणाऱ्याने अर्ध्यात कच खाल्ली तर नुसता वेग जात नाही, पंखाचा पंखपणाही ढिला पडतो.

डोंगरावरून पळत जाऊन असं कापड उडवता येईल हे डेव्हिड बॅरिश या अमेरिकनाने १९६५ मध्ये करून दाखवलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कीच्या उतारांवरून तो स्वतः बनवलेला पंख घेऊन उडाला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने गावोगावच्या स्की केंद्रांवर जाऊन प्रात्यक्षिकंही दिली. लोकांनी पाहिलं आणि विसरून गेले. बॅरिशनेही नाद सोडला.

नवा खेळ रुजला तो तेरा वर्षांनी, फ्रान्समध्ये. आणि त्याचं कारण वाचून कुठल्याही मराठी माणसाला आपुलकी वाटेल. विमानाचं भाडं वाचवायचं होतं!

*

आल्प्समधल्या मिउसी या गावाजवळ काही पॅराशूटवाले होते. नेमक्या जागी उतरण्याचा सराव त्यांना करायचा होता. प्रत्येक उडीसाठी विमान वर न्यायचं, म्हणजे खर्च फार. जाँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसों यांनी विचार केला की गावामागे एवढा डोंगर उभा आहे, तर विमान कशाला?

२५ जून १९७८ रोजी ते पेर्त्युइझे नावाच्या उतारावर गेले. चौकोनी पॅराशूट गवतावर पसरलं आणि पळाले. बेतां आधी उडाला, हे जमतं एवढं सिद्ध करण्यापुरता. मागोमाग बोन उडाला आणि तरंगत थेट दरीत, सुमारे हजार मीटर खाली, फुटबॉलच्या मैदानावर उतरला. या खेळाला फ्रेंचांनी नाव दिलं 'पारापाँत'. पाँत म्हणजे उतार. इंग्रजी नाव तरंगण्यावर भर देतं. फ्रेंचांनी ज्या उतारावरून पळायचं, तो नावातच ठेवला.

तेव्हाची ती पॅराशूटं एक मीटर खाली येईपर्यंत जेमतेम तीन मीटर पुढे जायची. मग कापड हवा न गाळणारं झालं, कप्पे वाढले, पंख लांब आणि निमुळते झाले. आजचे साधे पंखही तेवढ्याच घसरणीत आठ-नऊ मीटर जातात आणि वर चढणारी गरम हवा सापडली तर तासन् तास वर राहतात. १९८९ मध्ये ऑस्ट्रियात कोसेन इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. भाडं वाचवण्याच्या युक्तीला अकरा वर्षं झाली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, २६ सप्टेंबर १९८८ रोजी, जाँ-मार्क ब्वाव्हाँ हा फ्रेंच गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावरून पळत उडाला आणि सुमारे बारा मिनिटांत दुसऱ्या कॅम्पवर उतरला. तिथली हवा विरळ. विरळ हवेत पंखाला उचलायला जास्त वेग लागतो, म्हणजे जिथे श्वास घेणंच मुश्कील तिथे जास्त जोरात पळायचं.

*

इथपर्यंतच्या कथेत प्रत्येक माणूस आपापली मान पणाला लावत होता. लिलिएंथाल चुकला तर लिलिएंथालच पडणार. टँडम आलं आणि हे बदललं. आता पंखाखाली एक असा माणूस आला जो काहीच शिकलेला नाही, आणि त्याच्यासोबत एक असा, जो दोघांसाठी शिकलेला आहे. त्यासाठी पंख मोठा करावा लागला, दोघांना जोडणारे दांडे आले, दोघांचं वजन पेलेल असं राखीव पॅराशूट आलं. पण पळणं काही कुणाला एकट्याच्या अंगावर घेता आलं नाही.

टँडममधली मला सगळ्यात आवडलेली जोडी नेपाळची आहे. सानो बाबू सुनुवार पॅराग्लायडिंग आणि कयाकिंगमधला तरबेज, पण एव्हरेस्टच्या वाटेला कधी गेलेला नाही. लाक्पा छिरी शेर्पा एव्हरेस्ट आधीच चढलेला, पण त्याला पोहता येत नाही. दोघांनी ठरवलं की एव्हरेस्ट चढायचं, माथ्यावरून टँडमने उडायचं आणि पुढे नदीतून कयाकने बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं. मे २०११ मध्ये ते माथ्यावरून उडाले आणि पाऊण तासाच्या आत नामचे बाजारजवळ उतरले. पुढे समुद्रही गाठला.

या जोडीत सामान कोण होतं? डोंगरावर बाबू लाक्पाच्या भरवशावर, हवेत आणि पाण्यात लाक्पा बाबूच्या. आणि माथ्यावरच्या त्या बर्फात दोघांनाही एकदमच पळावं लागलं.

आपल्याकडे आज टँडमचं सगळ्यात मोठं नाव हिमाचलमधल्या बीड-बिलिंगचं. धौलाधारच्या कुशीत, सुमारे २,४०० मीटरवरच्या बिलिंगहून उडायचं आणि खाली बीडला उतरायचं. २०१५ मध्ये तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. पावसाळ्यात प्रशासन दोन महिने उड्डाणं बंद ठेवतं. आपल्या सह्याद्रीत कामशेत, पाचगणी इथेही पावसाळा संपला की हंगाम सुरू होतो. मोसमात रोज कितीतरी जण पहिल्यांदा पट्टे बांधून घेतात. रीलमध्ये आपल्याला दिसतं ते त्यानंतरचं, काठीवरचा कॅमेरा आणि पसरलेले हात. ती दहा-बारा पावलं बहुतेक वेळा कापलेली असतात.

*

पावणेपाचला वारा उतरला. पुन्हा पट्टे, पुन्हा तपासणी. "पळा!"

मी पळाले. मागून कापडाचा सळसळाट आला, कुणीतरी खांदे धरून मागे ओढावं तसा ओढा बसला, मग अचानक अंग हलकं झालं. आणि मी बसले. ठरवून नाही. पाय हलके झाले म्हणजे झालं, असं शरीराला वाटलं.

झालं नव्हतं. पंखाला अजून पुरेसा वेग आला नव्हता. पेलायला कापड तयार नाही, म्हणून माझं सगळं वजन दादांच्या अंगावर गेलं. त्यांनी झटकन पंख खाली पाडला आणि आम्ही दोघं गवतातून घसरत थांबलो. मला काही झालं नाही. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. उतार जरा संपल्यानंतर मी बसले असते तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"माफ करा, दादा."

"पहिल्यांदा सगळेच बसतात," ते म्हणाले. बाटलीतलं पाणी त्यांनी कोपरावर ओतलं, वाऱ्याच्या मोज्याकडे पाहिलं आणि पंख पसरायला वर गेले. मीही मागोमाग गेले. या वेळी कापडाचं एक टोक मी धरलं.

दुसऱ्यांदा मी खाली बघितलं नाही. समोर बघून पळत राहिले. गवत संपलं, कातळ संपला, आणि मी पळतच होते. पाय हवेत चालवत होते आणि खाली बरंच खोल एक शेत होतं, त्याच्या बांधावर एक गाय.

"आता बसा," मागून आवाज आला.

वीसेक मिनिटांनी उतरताना पुन्हा तीच आज्ञा. उभ्या राहा, पळा. जमीन आली, मी पळाले, पंख मागे मावळला तरी पळत राहिले. दादांनी पट्टा धरून मला मागे खेचलं.

"पोचलो," ते म्हणाले. "आता थांबलं तरी चालेल."