पगार सोडलेला संन्यासी

संन्यास म्हटला की मराठी माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मागे राहिलेल्या बायकोचा. त्याला कारण विठ्ठलपंत. काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला, आळंदीत रुक्मिणीबाई मागे राहिल्या, खरा प्रकार कळल्यावर गुरूंनी शिष्याला पुन्हा संसारात धाडले आणि 'संन्याशाची पोरे' हा शिक्का चौघा भावंडांच्या माथी बसला. ज्ञानेश्वर-तुकारामांवर पोसलेल्या नारायण वामन टिळकांना ही कथा ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तरीही १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, या ख्रिस्ती कवीने आपण संन्यासी झाल्याचे जाहीर केले.

मी या गोष्टीकडे वळलो तो श्रद्धेच्या वाटेने नव्हे, हिशेबाच्या वाटेने. एका पतसंस्थेत माझी उभी हयात खतावण्या लिहिण्यात गेली. 'स्मृतिचित्रे' शाळेत असताना उताऱ्याएवढीच वाचली होती. पुरी वाचली ती चाळिशीनंतर. तेव्हा माझे लक्ष सारखे एकाच ठिकाणी जाई : या घरात पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

ख्रिस्ती धर्माला वैराग्य नवे नाही. इजिप्तमधला अँटनी तिसऱ्या शतकातला. श्रीमंत तरुणाला 'सर्व विकून दे' असे येशूने सांगितल्याची कथा त्याने देवळात ऐकली आणि वडिलोपार्जित जमीन वाटून टाकून तो वाळवंटाची वाट चालू लागला. पुढच्या मठपरंपरा त्यालाच आपला मूळपुरुष मानतात. मात्र त्याच्या चरित्रात एक धाकटी बहीणही आहे. आईबाप वारलेली ही मुलगी त्याने व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केली नि तो गेला. तिला काय वाटले, हे चरित्रकाराने लिहिलेले नाही. पुढे सोळाव्या शतकात ल्यूथरने मठवासाचे हे थोरपणच नाकारले. तो स्वतः मठातला. १५२५ साली त्याने मठ सोडून आलेल्या कॅथरीनाशी लग्न केले. देवाची सेवा चांभाराच्या पाटावर बसूनही तितकीच होते, अशी ही शिकवण. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते ते याच घराण्यातले. तिथे संन्याशाला जागाच नव्हती. जागा होती ती पाळकाला, शिक्षकाला, संपादकाला, आणि या प्रत्येकाला दरमहा वेतन होते.

टिळकांनी सोडले ते हे वेतन. बायको सोडली नाही, रानात गेले नाहीत. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोहाची व्याख्या इथे बदलते. आपल्याकडे मोह म्हणजे कनक आणि कांता, असे जोडीनेच म्हणायची सवय. (ही जोडी लावणारे सगळे पुरुष, हे जाता जाता.) टिळकांपुढचा मोह त्याहून साधा होता, म्हणून अधिक चिवट. पगार देणारा गोरा मिशनरी, घेणारा देशी कामकरी. एक मायबाप, दुसरा त्याच्या वहीतली ओळ. अशा नात्यात देवाविषयी बोललेले शब्दही पोटासाठी बोलल्यासारखे वाटतात, निदान ऐकणाऱ्याला वाटतात. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकदम होत नाही, असे डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका परक्या प्रवाशाने दिलेला नवा करार टिळकांनी उघडला, तेव्हा त्यांना धरून ठेवले ते याच प्रवचनाने. चोवीस वर्षांनी त्याचा अर्थ त्यांनी आपल्या मासिक प्राप्तीला लावला.

साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही तिथे मुभा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. उत्पन्न ठरलेले नाही. देव देईल ते. टिळकांचा आदर्श इथे अँटनी नाही, तुकाराम आहे. कर्जखते इंद्रायणीत बुडवणारा, पण देहूतच राहणारा, ज्याच्या दारात धान्य नसल्याची तक्रार जिजाईने करायची तो संसारी विरक्त. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असे टिळक म्हणत. परतीचा प्रवासही त्याच पुलावरून झालेला दिसतो.

पहिल्या वाचनात मी मनाशी एक शेरा मारून ठेवला होता : या गृहस्थाने सोडले तरी काय? पैसा यांच्या हाती कधी टिकलाच नव्हता. घरात उद्याची सोय नसताना आजचे कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे, हा त्यांचा स्वभाव लक्ष्मीबाईंनी हसत हसत, पण एकही बाब न चुकवता नोंदवला आहे. ज्याला पैशाची ओढच नाही त्याने पैसा सोडला तर जमेस काय धरायचे?

आता हा शेरा मला उथळ वाटतो. टिळकांना खरोखर अवघड गेले असेल ते निराळे. त्यांचा राग जबर होता, आणि मनात आले की एकट्याने ठरवून मोकळे होण्याची सवय त्याहून जबर. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही असाच. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत, कडेवर लहानगा दत्तू. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईला नवऱ्याचा धर्म बदलल्याचे कळले, तेव्हा विठ्ठलपंतांच्या रुक्मिणीपेक्षा तिची दशा बरी नव्हती. काही वर्षे ती दूर राहिली, मग नगरला आली, स्पर्शास्पर्शाचे एकेक बंधन आपल्या मनाने, आपल्या वेळेने सोडत गेली आणि १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातली अनाथ मुले टिळक घरी आणत. त्यांना न्हाऊमाखू घालायचे काम मात्र लक्ष्मीबाईंचे. तेव्हा १९१७ चा संन्यास हा या घरातला पहिला त्याग नव्हे. नवऱ्याने देवासाठी काही सोडायचे आणि त्याची किंमत बायकोने चुकती करायची, हा व्यवहार तोवर बावीस वर्षे चालू होता.

फरक एवढाच की या वेळी ती मागे राहिली नाही. साताऱ्याच्या दिवसांत लक्ष्मीबाई दरबारात होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांचे जेवणखाण पाहणाऱ्या हाताशिवाय असा दरबार एक आठवडा चालत नाही, हे सांगायला संशोधक लागत नाही. अँटनीच्या बहिणीला न मिळालेली दुसरी गोष्टही तिला मिळाली : लेखणी. टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने आठवणी मागितल्या आणि त्यांतून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग निघू लागले. विरक्त पुरुषाची कथा त्याच्या स्वयंपाकघरातून सांगणारे इतके निर्भीड पुस्तक जगाच्या ख्रिस्ती वाङ्मयात मला दुसरे आढळलेले नाही. माझे वाचन तोकडे आहे हे धरूनही.

दरबार दोन वर्षेही नीट चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. जमिनीचा तुकडा नाही, ठेव नाही. मागे राहिले ते एक अपुरे महाकाव्य, 'ख्रिस्तायन'. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई पुढचे अध्याय लिहायला बसल्या.