कुपोषणाची ‘श्रेणी’ कुठून आली?

मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या ज्यांनी नव्वदच्या दशकात वाचल्या, त्यांना ‘तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील कुपोषित बालके’ हे शब्द आजही आठवत असतील. अंगणवाडीच्या नोंदवहीतून ते आरोग्य खात्याच्या अहवालात जात आणि तिथून वर्तमानपत्रात येत. गावातली ही श्रेणी वजनकाट्यावर ठरायची. पण तिचे मूळ गावात नाही. ते मेक्सिको सिटीतल्या मुलांच्या एका रुग्णालयात आहे, आणि दाखल झालेल्यांपैकी कोणते मूल दगावण्याचा धोका जास्त, या प्रश्नातून ती निघाली.

हे रुग्णालय १९४३ साली सुरू झाले. फेडेरिको गोमेझ हे त्याचे पहिले संचालक. अतिसार आणि उपासमार यांनी खंगलेली मुले तिथे सतत येत. गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला. या वयाच्या मुलाचे वजन किती असायला हवे आणि प्रत्यक्षात किती आहे? अपेक्षित वजनाच्या ९० ते ७५ टक्के म्हणजे पहिली श्रेणी, ७५ ते ६० टक्के दुसरी आणि ६० टक्क्यांच्या खाली तिसरी. दोन वर्षांच्या मुलाचे वजन १२ किलो अपेक्षित धरले, तर ७.२ किलोच्या खाली ते तिसऱ्या श्रेणीत जाते. १९५६ साली त्यांचा जो निबंध जगभर पोचला, त्याचा विषयच दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या कुपोषणातले मृत्यू हा होता. श्रेणी हा आकडा त्यांच्यासाठी जगण्या-मरण्याचा अंदाज होता, आणि हेच पुढे विसरले गेले.

श्रेणी वॉर्डाबाहेर पडली ती तिच्या सोपेपणामुळे. एक काटा, एक तक्ता आणि मुलाचे वय एवढ्यावर काम भागे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली तिला चार पायऱ्यांचे रूप दिले: ८०, ७०, ६० आणि ५० टक्के. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि या चार पायऱ्या अंगणवाड्यांत पोचल्या. गावातली हजारो मुले मोजायला हे माप उत्तमच होते. रुग्णालयात मात्र त्याचे दोष लवकर उघडे पडले.

पहिला दोष सुजेचा. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सुजलेल्या कुपोषित मुलांचे वर्णन केले होते. तोच आजार पुढे क्वाशिओरकोर म्हणून ओळखला गेला. अशा मुलाचे गाल भरल्यासारखे दिसतात, काट्यावर वजनही बरे भरते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून परीक्षा पायांपासून सुरू करायची. दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद दाबून धरायचे आणि सोडायचे. खड्डा तसाच राहिला तर काट्यावरचा आकडा बाजूला ठेवायचा. १९७० साली वेलकम वर्गीकरण आले आणि त्यात वजनाच्या टक्केवारीबरोबर सुजेचा रकाना आला. ६० टक्क्यांखालचे वजन आणि सूज नाही, तर मरास्मस; सूजही असेल, तर दोन्ही आजार एकत्र.

त्याआधी १९६७ साली बैरूतमध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी गुणपद्धत काढली होती. सुजेला ३ गुण, त्वचेच्या बदलांना २, दोन्ही असतील तर ६, केसांच्या बदलाला १, वाढलेल्या यकृताला १, शिवाय रक्तातल्या प्रथिनांचे वेगळे. गुण मांडले की आजार दिसेल, अशी ही पहिली नेटकी योजना. पण बेरजेतून कळत होते ते आजाराचा प्रकार कोणता हे. हे मूल उद्या सकाळपर्यंत टिकेल का, याला तिच्याकडे उत्तर नव्हते. त्याच वर्षी जमैकात गॅरो आणि पाइक यांनी नेमका तो प्रश्न घेऊन दाखल मुलांच्या नोंदी तपासल्या. माझ्या मते या सगळ्या कुळकथेत त्यांचे काम सर्वात कमी आठवले जाते.

दंडाचा घेर मोजणाऱ्या पट्टीची शाखा वेगळी आहे. वय ठाऊक नाही, काटा नाही, युद्ध चालू आहे, अशा ठिकाणी काय करायचे? बियाफ्राच्या युद्धकाळात नायजेरियात क्वेकर पंथाच्या मदतपथकाने दंडाचा घेर आणि उंची यांची सांगड घालणारी काठी वापरली. १९७४ साली बगदादचे अदनान शाकिर आणि ब्रिटनचे डेव्हिड मॉर्ले यांनी रंगीत पट्टी मांडली. साडेबारा आणि साडेतेरा सेंटिमीटर या तिच्या दोन खुणा. एक ते पाच वर्षांच्या वयात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा बदलत नाही, म्हणून ती वयाशिवायही चालते. आज आपल्या अंगणवाडी सेविकांच्या हातात असलेली हिरवी-पिवळी-लाल पट्टी याच घराण्यातली. तीव्र कुपोषणाची रेषा २००९ पासून साडेअकरा सेंटिमीटरवर आहे.

पट्टी सांगते मूल किती वाळले आहे ते. किती आजारी आहे, हे समजायला त्या शरीरात काय चालले आहे ते पाहावे लागते. जमैकातल्या मोना इथे जॉन वॉटरलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. दीर्घ उपासमारीत शरीर एकेक काम मंद करते. हृदयाचा जोर घटतो, मूत्रपिंडे जास्तीचे मीठ बाहेर टाकू शकत नाहीत, पेशींतले पोटॅशियम कमी होते. जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढत नाही. उलट अंग गार पडते. डॉक्टर ज्या खुणा शिकून आलेले असतात, त्याच इथे दगा देतात. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश बसली, डोळे खोल गेलेले दिसले, की ‘पाणी कमी झाले’ असा निष्कर्ष निघतो. पण त्वचेखालची चरबी संपलेल्या मुलात अतिसार नसतानाही हेच दिसते. अशा मुलाला घाईने सलाईन चढवले, तर दुबळ्या हृदयाला ते पेलत नाही.

याची किंमत किती मोठी होती, ते १९९६ साली क्लेअर स्कोफिल्ड आणि अॅन अॅशवर्थ यांनी दाखवले. पाच दशकांतले अहवाल तपासल्यावर तीव्र कुपोषणाने दाखल मुलांतले मृत्यूचे प्रमाण जवळपास तिथल्या तिथे, २० ते ३० टक्क्यांच्या घरात, राहिलेले दिसले. चुकीचे उपचार हे त्यांनी त्याचे मोठे कारण मानले. त्यानंतर १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेची दहा पायऱ्यांची उपचारपद्धत आली. साखर कमी होऊ देऊ नका, अंग गार पडू देऊ नका, हे तिचे पहिले दोन नियम. सुस्ती, गार अंग आणि रक्तातली घटलेली साखर या धोक्याच्या खुणा ठरल्या.

मग केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी जिल्हा रुग्णालयात कॅथरीन मेटलँड आणि सहकाऱ्यांनी गोमेझ यांचाच प्रश्न पुन्हा विचारला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ९२० मुले होती. त्यांतली १७६, म्हणजे १९ टक्के, दगावली, आणि त्यातले सुमारे एकतृतीयांश मृत्यू दाखल झाल्यापासून ४८ तासांत झाले. सुस्ती, गार अंग, कमी साखर या तीन खुणांनी लवकर दगावणाऱ्यांपैकी जेमतेम निम्मीच मुले ओळखू आली. मेटलँड यांनी आणखी चार खुणा दाखवल्या: मंदावलेली नाडी, क्षीण नाडी, हरपत चाललेली शुद्ध, आणि नखाला रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ. चारपैकी दोन एकत्र दिसल्या की धोका अनेक पटींनी वाढत होता. आधीच्या तीन आणि या चार अशा सातांपैकी एकही खूण नसलेल्या, आणि पाणी व क्षार यांचा तोलही न बिघडलेल्या मुलांत मृत्यू ७ टक्के होते.

शेवटची खूण तपासायला उपकरण लागत नाही. मुलाचे बोट हातात घ्यायचे, नख दाबून पांढरे करायचे, सोडायचे आणि गुलाबी होईपर्यंत मोजायचे. आईच्या मांडीवर मूल असतानाच हे होते. वेळ मोजायला भिंतीवरचे घड्याळ पुरते.

भुकेची परीक्षाही अशीच साधी. ठरावीक उपचारआहार समोर ठेवायचा आणि मूल खाते का ते पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेनुसार भूक असलेले, सावध आणि गुंतागुंत नसलेले मूल घरी राहून बरे होऊ शकते. भूक नसेल, सूज फार असेल किंवा दुसरा गंभीर आजार असेल तर दाखल करावे. दोघांचा दंडघेर अगदी सारखा असू शकतो.

म्हणून आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काम करणाऱ्यांना एक विनंती. पट्टी आणि काटा झाल्यावर पावले दाबून पाहा, काखेतले तापमान घ्या, साखर तपासा, नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि नखाचा रंग पाहा. या नोंदी दाखल करताना एकदा घेऊन थांबू नका. पहिल्या ४८ तासांत त्या पुन्हा पुन्हा घ्या, रात्रपाळीतही घ्या.