काळजी कोणाची, झळ कोणाला

१५ ऑगस्ट २००५पासून महाराष्ट्रातले डान्सबार बंद झाले. जुलैमध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मुंबई पोलीस कायद्यातली दुरुस्ती एकमताने मंजूर केली होती. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी हा विषय महिनोन्‌महिने लावून धरला होता आणि त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरुण मुले वाया जातात, जमिनीच्या मोबदल्याचा पैसा एका रात्रीत उधळला जातो, संसार मोडतात, गुन्हेगार या जागांत आसरा घेतात, अल्पवयीन मुलींना फसवून आणले जाते, अशा तक्रारी गावोगावच्या बायका, आमदार आणि वर्तमानपत्रे करत होती. त्यातली प्रत्येक तक्रार कुठे ना कुठे खरी होती. तरीही ही बंदी महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातली नैतिक घबराटीची सगळ्यांत स्पष्ट घटना आहे, असे माझे मत आहे. तक्रार खरी असूनही तिच्या नावाने घबराट होऊ शकते, हेच या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

नैतिक घबराट ही कल्पना ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ साली रूढ केली. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत तरुणांच्या दोन टोळ्यांची मारामारी झाली, वर्तमानपत्रांनी तिला राष्ट्रीय संकटाचे रूप दिले, पोलीस आणि न्यायाधीश त्याच सुरात बोलू लागले, आणि नुकसानीच्या मानाने शिक्षा फार मोठ्या झाल्या. कोहेन यांचा भर प्रमाणाबाहेर जाण्यावर होता. पण प्रमाण मोजायचे कशाने? आरडाओरडा किती झाला यावरून ते ठरत नाही, कारण न्याय्य मागणीलाही आरडाओरडा करावाच लागतो. कायद्याने झळ कोणाला पोचवली आणि ज्याचे नुकसान होत होते त्याला विचारले का, या दोन गोष्टी तपासल्या की बरेच कळते.

डान्सबारचा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कलम ३३-अ ने खाद्यगृह, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नृत्यावर सरसकट बंदी घातली. लगेच पुढच्या ३३-ब ने नाट्यगृहे, क्लब, जिमखाने आणि तीन किंवा त्याहून अधिक तारांकित हॉटेले वगळली. नाच वाईट असेल तर तो तारांकित हॉटेलात चांगला कसा होतो, याचे उत्तर सरकारला न्यायालयात देता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि रोशन दळवी यांनी एप्रिल २००६मध्ये ही बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. श्रीमंतांची नीतिमत्ता पक्की आणि साध्या बारमध्ये जाणाऱ्याची कच्ची, हे गृहीतक राज्यघटनेत बसत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अल्पवयीन मुलींच्या व्यापाराविरुद्ध १९५६पासून कायदा आहे, अश्लील वर्तनासाठी दंडविधानात कलमे होती, परवान्याच्या अटी पोलिसांच्याच हातात होत्या. एवढी हत्यारे असताना ती किती वापरली, याचा हिशेब मांडण्याऐवजी सगळा धंदाच बंद करण्यात आला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

झळ कोणाला पोचली तेही निकालातच नमूद आहे. न्यायालयापुढे बेकार झालेल्या बायकांचा आकडा ७५,००० असा मांडला गेला. तो वादग्रस्त आहे, आणि मोजणी कोणीच नीट केली नव्हती हेही त्यातून दिसते. पण आकडा निम्म्यावर आणला तरी मुद्दा तोच राहतो. त्यांतल्या अनेकींना पोट भरण्यासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले आणि कायद्याचा परिणाम उलटाच झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. कायद्याचा जाहीर हेतू बायकांची पिळवणूक थांबवण्याचा होता. बारमालकाने बिअर आणि जेवण विकणे चालू ठेवले, पैसे उधळणारे गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, हप्ता घेणारा हप्ता घेत राहिला. रोजगार गेला तो नाचणारीचा. आणि तिला विचारले गेले होते का? तिची संघटना बंदीच्या आधीच वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती, म्हणजे विचारायला समोर माणसे होती. एसएनडीटी विद्यापीठाच्या महिला अभ्यास केंद्राने एका स्त्री संघटनेच्या साथीने ५०० नर्तकींशी बोलून केलेला अभ्यास न्यायालयात आला. सभागृहात एकमत झाले तेव्हा त्या बायकांचे म्हणणे सरकारने अधिकृतपणे ऐकून घेतल्याचे दिसत नाही.

याच्याशेजारी एक जुने प्रकरण ठेवले की फरक उठून दिसतो. १८९१चे संमतिवयाचे विधेयक आले तेव्हा पुण्यात जो गदारोळ झाला तो डान्सबारच्या वेळेपेक्षा कमी नव्हता. बेहरामजी मलबारींनी १८८४मध्ये बालविवाहावर टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्यावर आरोप झाला तो अतिशयोक्तीचा: तुरळक उदाहरणे घेऊन हिंदू घरांची बदनामी करणे. आजच्या भाषेत विरोधकांनी त्याला नैतिक घबराटच म्हटले असते. पण १८९०मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा खटला चालला. नवऱ्याच्या संभोगाने ती मेली होती. तेव्हाच्या कायद्यात विवाहितेचे संमतिवय १० होते आणि ती त्याहून मोठी असल्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. देशात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी अशा मुलींची प्रकरणे एकेक लिहून सरकारला पाठवली. ही हानी शवविच्छेदनात दिसत होती. उपायही नेमका होता: वय दहावरून बारा. कायद्याचा बोजा मोठ्या माणसावर, नवऱ्यावर पडत होता. ज्या मुलीसाठी कायदा केला तिच्याकडून तो काहीही काढून घेत नव्हता.

या विधेयकाला टिळकांनी केलेला विरोध थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परक्या सरकारने घरात हात घालू नये, सुधारणा लोकांनी स्वतःच्या इच्छेने कराव्यात, असे ते म्हणत होते. मुलींची लग्ने सोळापर्यंत करू नयेत अशी स्वेच्छेची अट त्यांनी स्वतः सुचवली होती. पोलीस माजघरात शिरतील, वैरी खोट्या फिर्यादी करतील, धर्म बुडेल, ही भीती मात्र त्या बाजूची घबराट होती. ती खोटी ठरली हे पुढच्या अडतीस वर्षांनी दाखवले. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९२८मध्ये समिती नेमली गेली. तिच्यात रामेश्वरी नेहरूंसारख्या स्त्रियाही होत्या. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, बायकांच्याही. तिला आढळले ते असे की कायदा लोकांना जवळजवळ माहीतच नव्हता आणि खटले फारच थोडे झाले होते. छळाचा महापूर आलाच नव्हता. उलट संरक्षणच अपुरे पडले होते. त्या अहवालाच्या सुमारास, १९२९मध्ये, शारदा कायदा झाला आणि मुलींच्या लग्नाचे वय १४ ठरले.

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळे मागाहून सुचलेले शहाणपण आहे; त्या वेळी कोणाला कळणार? पण ३३-ब कलम २००५ सालीच कागदावर होते, आणि विवाहितेचे संमतिवय १० असल्याचे १८९०मध्ये सर्वांना ठाऊक होते. मी ज्या खुणांबद्दल बोलतो आहे त्या निकालानंतर उगवलेल्या नाहीत. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. काही दलित-बहुजन स्त्रीवाद्यांनी बंदीला पाठिंबा दिला. बारमध्ये येणाऱ्या अनेक मुली बेडिया, नट, कंजर अशा जमातींच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या याच जातींच्या बायकांनी परक्या पुरुषांची करमणूक करायची, ही सक्ती उपजीविकेच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली झाकू नका, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते. ही काळजी खरी आहे, आणि बंदीच्या विरोधकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. पण जातीची सक्ती मोडायची तर दुसरे काम, शिक्षण, घर यांची सोय आधी हवी. २००५च्या दुरुस्तीत पुनर्वसनाची एकही तरतूद नव्हती. जी काळजी सभागृहाबाहेर इतक्या गांभीर्याने मांडली जात होती, ती कायद्याच्या मजकुरात शिरलीच नाही. तिचा आधार मात्र बंदीला मिळाला.

तिसरा आक्षेप पुराव्याविषयी आहे. पुरावा मागितला की नवी, अजून कोणी न मोजलेली हानी फेटाळायला बलवानांना निमित्त मिळते. १८८४मध्ये मलबारींकडे तरी कुठे आकडे होते? म्हणून पुरावा शोधण्याची जबाबदारी सरकारवर टाकली पाहिजे, तक्रार करणाऱ्यावर नव्हे. पुरावा अपुरा असेल तोवर मर्यादित, मागे घेता येईल असा उपाय करता येतो. स्टेज आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कठडा, वेळेची मर्यादा, वयाची तपासणी अशा अटी मुंबईत चर्चेत होत्या. त्या नीट अमलात आणून पाहिल्या असत्या तर काय चालते आणि काय नाही हे कळले असते.

२०१३च्या निकालानंतरही सरकार थांबले नाही. २०१४मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून तीच बंदी परत आणली, आणि २०१६मध्ये स्वतंत्र कायदा केला, ज्याच्या नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याखालच्या सीसीटीव्हीच्या, शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराच्या अटी रद्द केल्या, नोटा उधळण्यावरची बंदी आणि रात्री साडेअकरापर्यंतची वेळ ठेवली. त्याच कायद्याखाली मालकाने नर्तकीशी कामाचा लेखी करार करावा अशीही अट होती, आणि न्यायालयाने ती टिकवली. पिळवणुकीबद्दल २००५पासून जे बोलले जात होते, त्याला थेट लागू पडणारी तरतूद हीच होती. ती पहिल्याच कायद्यात असायला हवी होती.