बेने इस्राएल : दोन भूमींचे ऋण

कर्नाटकाशी मराठी माणसाचे नाते सांगताना आपण शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून आरंभ करतो. त्या नात्याचा एक धागा मात्र सहसा कोणी उलगडत नाही. कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका होऊन ते मुंबईस परतले आणि १७९६ साली त्यांनी तेथे बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले.

हा ज्यू समाज मूळचा कोकणातला. जहाज फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. व्यवसाय तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद; म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर. प्रार्थना हिब्रू, घरची भाषा मराठी, आणि बायबलातील आख्यानांवर कीर्तनेदेखील मराठीच.

१८९७ मध्ये बाझल येथील पहिल्या झायनवादी परिषदेचे निमंत्रण आले, तेव्हा मुंबईच्या बेने इस्राएलांनी ते नाकारले. पवित्र भूमीची पुनःप्राप्ती ईश्वराच्याच हातून व्हावयाची, ही त्यांची श्रद्धा. पुढे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र जन्मास आले आणि कालांतराने बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांनी मराठीतून ‘मायबोली’ नियतकालिक चालविले. परंतु १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यांनी जेरुसलेमात धरणे धरले. १९६४ मध्ये सरकारला त्यांचा समान दर्जा जाहीरपणे मान्य करावा लागला. ज्या राष्ट्रासाठी घरदार सोडले, त्यालाच त्याचा अन्याय दाखविण्यास ते कचरले नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध यांत असंख्य निरपराध जीव गेले. अशा वेळी ठाण्याच्या वा अलिबागच्या ज्यू शेजाऱ्याकडे दूरच्या सरकारच्या कृत्यांचा जाब मागणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर, त्या भूमीविषयी ज्यांना आपुलकी आहे त्यांनी केवळ आपल्याच मृतांसाठी अश्रू ढाळणे हेही पुरेसे नाही. आप्तभाव सत्य बोलण्याच्या कर्तव्यातून मुक्त करीत नाही; उलट ते कर्तव्य अधिक कठोर करतो.

हा विचार आपणांसही लागू आहे. सीमाप्रश्न तापला की ‘तुम्ही कोणाचे?’ असा प्रश्न येथे आपल्याही कानी येतो. दोन्ही भूमींचे ऋण आपल्यावर आहे, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर. मात्र ते ऋण फेडावयाचे तर मराठी माणसाची चूक मराठीतून आणि कन्नड शेजाऱ्याची न्याय्य बाजू आपल्याच घरात बोलून दाखविण्याचे धैर्य आपण अंगी बाणविले पाहिजे.