‘खुशाल’ या शब्दाची दोन घरे

रायपूरच्या पुरानी बस्तीचे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. मराठीतील ‘वस्ती’ तेथे ‘बस्ती’ झाली, एवढेच; अर्थ ढळला नाही. ‘खुशाल’ या शब्दाचे मात्र तसे नाही. त्या नगरीतील मराठी भाषकाच्या कानी घरात ‘खुशाल’ आणि बाहेर ‘खुशहाल’ पडते, आणि ही दोन रूपे एकमेकांपासून किती दूर गेली आहेत हे त्यालाच आधी जाणवते.

दोहोंचे मूळ एक : फारसी ‘खुश’ आणि अरबी ‘हाल’. हिंदीने हकार राखला व अर्थ सुबत्तेकडे नेला. तेथे गाव खुशहाल असते, देश खुशहाल होतो. मराठीने हकार गाळला व अर्थ मनाशीच ठेवला. पुढे त्या प्रसन्नतेतून निःशंकता निघाली. ‘खुशाल जा’ म्हणणारा नुसती अनुज्ञा देत नाही, जाणाऱ्याच्या मनातील संकोचही दूर करतो. ‘खुशाल खोटे बोलतो’ या प्रयोगात तीच निःशंकता निर्लज्ज होते. आणि ‘खुशालचेंडू’ हा शब्द तर दोष देतानाही थोडा हसतोच.

‘खुशाली’ची गोष्ट याहून मनोवेधक आहे. पेशवेकालीन पत्रांच्या मायन्यात ‘स्वकीय कुशल’ लिहिण्याची विनंती असे. ‘कुशल’ संस्कृत, ‘खुशाल’शी त्याचे व्युत्पत्तीने काही नाते नाही. तथापि ‘खुशाली कळवावी’ असे लिहिताना मराठी माणूस कुशलच विचारीत असतो. ध्वनिसाम्याने एकाचा अर्थ दुसऱ्यात उतरला असावा, असे मानण्यास जागा आहे.

१७५८ पासून बिंबाजी भोसल्यांचा अंमल रतनपुरास होता. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपुरास हलविले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर व रायपूर वेगवेगळ्या राज्यांत गेली. कचेरीच्या आधाराने जगणारे मराठी शब्द त्या आधाराबरोबर मागे पडले. ‘खुशाली’ला कचेरीची गरज नव्हती; ती घरच्या पत्रांवर जगली.

तिला धोका आहे तो निराळाच. हिंदीतून शिकलेल्या पिढीला ‘खुशाली’ म्हणजे ‘खुशहाली’ वाटू लागली, तर शब्द जिभेवर राहूनही अर्थ निघून जाईल. प्रकृतीची चौकशी मिळकतीची चौकशी ठरेल. मराठी पत्रांचे हिंदी भाषांतर करणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. ‘खुशाली’ला हिंदीत जवळचा शब्द ‘खुशहाली’ नव्हे. ‘राजी-खुशी’ किंवा ‘खैरियत’ होय.