रेल्वे फाटकावरील इशारे आणि सायकलस्वार

बेंगळुरू : रेल्वे फाटकाचा दांडा खाली येऊ लागला की मोटारी व ट्रक थांबतात, कारण त्यांना दुसरा मार्गच नसतो. सायकलस्वाराची गोष्ट वेगळी असते. सायकल किंचित तिरकी करून दांड्याखालून नेता येते, दांड्याच्या टोकाशी असलेल्या फटीतून ढकलता येते, प्रसंगी खांद्यावरही घेता येते. फाटकावरील भोंगा, लाल दिवा आणि आडवा दांडा हे तिन्ही इशारे त्याच्यापुरते केवळ सूचना ठरतात. बेंगळुरूसारख्या झपाट्याने विस्तारलेल्या शहरात, जिथे एकेकाळची खेड्यांची फाटके आता दाट वस्तीच्या मधोमध आली आहेत, तिथे हा प्रश्न अधिक ठळक होतो.

बेंगळुरूला रेल्वे आली ती १८६४ मध्ये, छावणी भागापासून जोलारपेट्टईपर्यंतच्या मार्गाने. पुढे शहराभोवती म्हैसूर, तुमकूर, होसूर आणि दोड्डबळ्ळापूर या दिशांना मार्ग फुटले. ते टाकले गेले तेव्हा बाजूला शेते होती. रस्ता व लोहमार्ग एकाच पातळीवर छेदले गेले तरी कुणाची अडचण होत नव्हती. सर्जापूर रस्त्यालगतचे कार्मेलारामचे फाटक अलीकडच्या काळात वाहनकोंडीसाठी ओळखले जाऊ लागले ते याच कारणाने. ठाणे जिल्ह्यातील दिव्याचे किंवा पुण्यातील घोरपडीचे फाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र नवे नाही.

देशातील ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेरपर्यंत बंद करण्यात आली किंवा तेथे कर्मचारी नेमण्यात आले. त्याआधीच्या अपघातांची आठवण महाराष्ट्रालाही आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूर–रामटेक मार्गावर कन्हानजवळच्या मानवरहित फाटकात वऱ्हाडींनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. आता ब्रॉडगेजवरील प्रत्येक फाटकावर कर्मचारी असतो. त्यामुळे धोक्याचे स्वरूप बदलले आहे : पूर्वी इशारा देणारेच कुणी नव्हते, आता इशारा असूनही तो ओलांडला जातो.

फाटके मुख्यतः दोन प्रकारची असतात. इंटरलॉकिंग असलेल्या फाटकात दांडा पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही. आणि एकदा सिग्नल दिला की फाटकवाल्याला मनात आले म्हणून फाटक उघडता येत नाही. ‘गाडी तर अजून दिसतही नाही, उघडा की’ असा आग्रह धरणाऱ्यांना ही बाब सहसा ठाऊक नसते. दुसऱ्या प्रकारात ही यांत्रिक सांगड नसते. स्टेशनमास्तर आणि फाटकवाला दूरध्वनीवरून सांकेतिक क्रमांकांची देवाणघेवाण करतात आणि त्याच्या आधारे फाटक बंद केले जाते. तमिळनाडूत कडलूरजवळ जुलै २०२५ मध्ये शाळेच्या वाहनाला गाडीची धडक बसून विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, ते फाटक या दुसऱ्या प्रकारचे होते. त्यानंतर रेल्वेने अधिक फाटके इंटरलॉकिंगखाली आणण्यासाठी वाहतुकीची मर्यादा खाली आणली.

ही मर्यादा ज्या मापाने ठरते, त्यात सायकलीचे स्थान काय, हे पाहण्यासारखे आहे. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके यांचा गुणाकार करून फाटकाचा भार मोजतात. मोटार, ट्रक किंवा बैलगाडी म्हणजे एक एकक. ऑटोरिक्षा व सायकलरिक्षा अर्धे. मोटारसायकल व स्कूटर पाव. साधी सायकल आणि पादचारी या हिशेबात येत नाहीत. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की फाटकाऐवजी पूल बांधण्याचा विचार होतो. म्हणजे ज्या फाटकावरून रोज सकाळी शेकडो मुले सायकलने शाळेत जात असतील, त्या फाटकाचा भार त्या मुलांमुळे तसूभरही वाढत नाही.

कायद्यातही सायकलस्वार असाच कडेला उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १३१ अरक्षित फाटकापूर्वी वाहन थांबवून, कुणीतरी खाली उतरून, दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करण्याचे बंधन घालते. परंतु ते मोटार वाहनाच्या चालकावर. सायकल त्या व्याख्येत बसत नाही. सायकलस्वाराला खरे लागू होतात ती रेल्वे कायदा, १९८९ ची कलमे, कारण ती कोणत्याही व्यक्तीला उद्देशून आहेत. बंद फाटक अनधिकाराने उघडल्यास कलम १६० अन्वये तीन वर्षांपर्यंत, तर ते तोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दांड्याखालून वाकून जाणे हे फाटक उघडणे नव्हे. मात्र रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश म्हणून ते कलम १४७ च्या कक्षेत येऊ शकते.

शिक्षेच्या भीतीपेक्षा अंतराचे गणित अधिक बोलके आहे. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे लोहमार्गालगत पिवळ्या रंगाची एक पाटी असते. तिच्यावर ‘सी/फा’, म्हणजे सीटी-फाटक, अशी अक्षरे असतात. तेथून चालक शिटी वाजवू लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ते अंतर सुमारे २२ सेकंदांत कापते. आणीबाणीचा ब्रेक लावला तरी एवढ्या वेगातील गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. फाटकात सायकल दिसल्यानंतर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. त्यातच समोरून येणारी मोठी वस्तू डोळ्यांना प्रत्यक्षापेक्षा संथ भासते, विद्युत इंजिनाचा आवाज डिझेल इंजिनापेक्षा कमी असतो, आणि कानात इअरफोन असतील तर शिटीही उशिरा ऐकू येते.

दुहेरी मार्गावर आणखी एक सापळा असतो. एक गाडी निघून गेली की थांबलेले लोक पुढे सरकतात, आणि पहिल्या गाडीच्या आडून दुसरी गाडी विरुद्ध दिशेने येते. बैयप्पनहळ्ळी–होसूर मार्गाच्या दुपदरीकरणाचे काम हाती घेण्यात आले आहे. एकेरी मार्गावर ‘गाडी गेली, आता वाट मोकळी’ ही सवय वर्षानुवर्षे बरोबर ठरत आली. दुसरा रूळ पडल्यावर तीच सवय जीवघेणी ठरू शकते. दांडा वर जाणे हाच वाट मोकळी असल्याचा पुरावा, गाडी जाणे हा नव्हे.

फाटक उघडे असतानाही सायकलस्वाराला एक धोका उरतो, जो मोटारीला नाही. रस्त्याच्या पातळीत बसवलेल्या रुळाच्या आतल्या बाजूने चाकाची कड जाण्यासाठी खाच ठेवावी लागते. ती साधारण पाच ते पावणेसहा सेंटिमीटर रुंद असते. शर्यतीच्या सायकलीचा टायर अडीच-तीन सेंटिमीटरचा, नेहमीच्या सायकलीचा त्याहून थोडा जाड. दोन्ही त्या खाचेत सहज उतरतात. रस्ता रुळांना तिरका छेदत असेल तर चाक खाचेत अडकून सायकलस्वार रुळांवरच आडवा होतो. पावसात ओल्या पोलादावरून टायर घसरतो तो वेगळाच. म्हणून रुळांना शक्य तितक्या काटकोनात, हँडल सरळ धरून आणि ब्रेक न दाबता पार जायचे असते. फाटक तिरके किंवा गर्दीचे असेल तर उतरून सायकल हाताने नेणे अधिक सुरक्षित.

फाटकाच्या जागी पूल किंवा भुयारी मार्ग आला म्हणजे प्रश्न मिटतो, असे मानले जाते. मोटारींपुरते ते खरे आहे. उड्डाणपूल मात्र सायकलस्वाराला लांबचा वळसा व चढ देतो आणि कमी उंचीच्या भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचते. मग जुन्या फाटकाच्या जागी, कुंपणातल्या एखाद्या भगदाडातून, सायकली रुळांवरून जाऊ लागतात. आणि तेथे ना दांडा असतो, ना भोंगा, ना फाटकवाला. बेंगळुरू उपनगरी रेल्वे प्रकल्पाच्या सुमारे १४८ किलोमीटरच्या चार मार्गिकांची आखणी होत असताना पादचारी व सायकलींसाठी जवळ-जवळ ओलांडणीच्या जागा ठेवणे म्हणूनच पुलांइतकेच महत्त्वाचे आहे.

सायकल रुळांत अडकलीच, तर ती तशीच टाकून आधी रुळांपासून दूर व्हावे आणि लगेच फाटकवाल्याला कळवावे. त्याच्याकडे दिवसा लाल झेंडी, रात्री लाल दिवा आणि रुळावर लावायचे स्फोटक इशारे असतात. ब्रॉडगेज मार्गावर यांपैकी पहिला इशारा अडथळ्यापासून ६०० मीटरवर आणि पुढचे तीन १,२०० मीटरवर लावायचे असा नियम आहे. तेवढे अंतर फाटकवाल्याला धावत जाऊन गाठावे लागते.