शिळा क्लास

तर झालं असं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, महाराष्ट्र एक्सप्रेसचं पुणे-जळगाव तिकीट काढून ठेवलेलं असताना, आमच्या बिलांमधून सवलतीचा आकडा गायब व्हायला लागला. एक्सएमएलमध्ये आकडा आहे, स्कीमामध्ये आहे, डेटाबेसमध्ये मात्र शून्य. दोन रात्री डिबगर लावून बसलो. शेवटी शेजारचा धुळ्याचा मित्र स्क्रीनकडे बघत म्हणाला, "भो, तुझा क्लास शिळा आहे."

स्कीमावरून जॅक्सबीने जावा क्लास बनवायचे आणि ते रिपॉझिटरीत टाकून ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. स्कीमा कुणीतरी बदलला (बरं, मीच बदलला), क्लास पुन्हा बनवायचे राहिले. आणि अनोळखी टॅग दिसला तर जॅक्सबी सहसा ओरडत नाही, गुपचूप सोडून देतो. तिकीट रद्द केलं. आई फोनवर फार काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

नंतर या भानगडीचा इतिहास वाचत बसलो, तर गंमत निघाली. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सनची एक आख्खी सकाळ अशीच वाया गेली होती. चूक त्याने दुरुस्त केली होती, पण ती फाइल कॉम्पाइलच झाली नव्हती. बरोबर असलेला प्रोग्रॅम तो डिबग करत बसला होता. वैतागून तो स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला आणि त्यातून 1976 साली 'मेक' जन्माला आलं. आता हा जॉन्सन कोण? 'याक'चा लेखक! म्हणजे व्याकरण दिलं की सी भाषेतला पार्सर लिहून देणारं टूल. त्यामुळे मेकला याकची फाइल आपोआप कळायची: आधी तिची सी फाइल, मग तिची ऑब्जेक्ट फाइल. वेळ बघायचा, मूळ फाइल नवी असेल तर पुढचं सगळं पुन्हा करायचं. बस्. (मेकफाइलमधल्या टॅबने आपल्याला छळलं ते फेल्डमनने बदललं नाही, कारण तोवर डझनभर लोक ते वापरत होते. डझनभर!)

जावाच्या जगात हे शहाणपण मध्येच हरवलं. 2000 साली आलेल्या 'अँट'मध्ये क्लास जनरेट करण्याचं टार्गेट आपणच लिहायचं आणि कॉम्पाइल त्याच्यावर अवलंबून आहे, हेही आपणच सांगायचं. विसरलात की शिळं. 2005 च्या 'मेव्हन 2'ने पायऱ्याच ठरवून टाकल्या. जनरेट-सोर्सेस आधी, कॉम्पाइल नंतर. तयार झालेला कोड टार्गेट फोल्डरमध्ये, क्लीन केलं की नाहीसा. चांगलं प्लगइन तो फोल्डर कॉम्पाइलच्या यादीत स्वतःच घालतं. नसेल घालत तर बिल्ड-हेल्पर प्लगइनने घालावा लागतो. माझ्या मते मेव्हनचं सगळ्यात मोठं काम हेच, जार डाउनलोड करणं नव्हे. पुढे जावा 6 ने अॅनोटेशन प्रोसेसर थेट कॉम्पाइलरमध्येच आणला. आणि 2024 च्या जावा 23 मध्ये, स्पष्ट सांगितल्याशिवाय तो चालणार नाही, असं ठरलं. म्हणजे आपोआपलाही लगाम!

मित्र धुळ्याचा, त्यामुळे राजवाडे येणारच. बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ठासून सांगितलं. ते 1926 मध्ये धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मित्राचं म्हणणं, "स्कीमा म्हणजे अस्सल कागद. क्लास म्हणजे नक्कल. नक्कल कशाला जपून ठेवतो?"

असो. आम्ही जनरेट झालेले क्लास रिपॉझिटरीतून काढले, काम मेव्हनकडे दिलं. एक मॉड्यूल मात्र अजून तसंच आहे. त्यातल्या एका क्लासमध्ये कुणीतरी हाताने दोन ओळी घातल्यात, आणि त्या का घातल्या हे सांगणारा माणूस आता कंपनीत नाही.